आकाशांतून घेतलेलें चित्रण व त्याची निवड

सांप्रत आमच्या भुदरगड तालुक्यांत ड्रोन नांवाचें चिमुकलें विमान कोणास अपरिचित राहिलेलें नाहीं. लग्नाच्या वरातीवर तें घिरट्या घालतें, यात्रेंत पालखीच्या वर तें दिसतें, आणि उंसावर औषध फवारण्यासाठीं त्याचा थोरला भाऊ शेतांत उतरूं लागला आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेंत गांवठाणांच्या मोजणीसाठीं सर्व्हे ऑफ इंडियाचीं अशींच विमानें महाराष्ट्रांतील गांवांवरून उडालीं, आणि हद्दी वरून स्पष्ट दिसाव्यात म्हणून जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या, हें पुष्कळ पालकांच्या स्मरणांत असेल. तेव्हां विमान कसें उडतें याविषयीं लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. विमान खालीं उतरल्यानंतर जें काम सुरू व्हावयास पाहिजे, व जें बहुतेक ठिकाणीं सुरूच होत नाहीं, त्याविषयीं लिहावयाचें आहे.

तें काम निवडीचें. एका उड्डाणांत पंधरा-वीस मिनिटांचें चित्रण सहज होतें. पांच-सात उड्डाणें झालीं कीं दोन तास भरले. त्यांतून पाहणाऱ्यापुढें ठेवावयाचीं शेवटीं पांच-सहा मिनिटें. मधल्या एवढ्या पसाऱ्याचें काय करावें हें न कळल्यामुळें पुष्कळ उत्साही तरुणांचें चित्रण कार्डांत तसेंच पडून राहतें, आणि पुढच्या ऑर्डरीसाठीं कार्ड रिकामें पाहिजे म्हणून एके दिवशीं पुसलें जातें. वाढदिवसाचें चित्रण असेल तर एका घराची हळहळ. परंतु गांवच्या नदीचें, ढासळूं लागलेल्या तटाचें किंवा पाडावयास काढलेल्या जुन्या वाड्याचें असेल तर तें पुन्हां मिळण्याचा मार्गच नसतो.

आमच्या जिल्ह्यास ही विद्या नवी नव्हे. बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत स्वतः खटपट करून कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढें आणिला. त्या कंपनींत तयार झालेल्या मंडळींनीं १९२९ सालीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. ती १९३३ सालीं पुण्यास गेली. त्या काळीं संकलन म्हणजे अक्षरशः हातांचें काम होतें. फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून पाहावयाची, कात्रीनें कापावयाची, तुकड्यांस आंकडे देऊन ते क्रमानें टांगून ठेवावयाचे, आणि मग एकास एक चिकटवावयाचे.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडा हिशेब करून पाहावा. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें बसतात. बोलपटांत दर सेकंदास २४ चित्रें लागतात; म्हणजे सेकंदास दीड फूट, मिनिटास ९० फूट. आम्हीं पुढें ज्या चित्रणाविषयीं सांगणार आहों तें दोन तास दहा मिनिटांचें आहे. तेवढ्यास ११,७०० फूट फिल्म लागली असती. ती विकत आणावयाची, धुवावयाची, तिची प्रत छापावयाची, एवढा खर्च डोळ्यांपुढें असतां कोणता दिग्दर्शक कॅमेरा उगीच चालू ठेवील? अर्थात् त्या काळीं निवडीचें बरेंचसें काम कॅमेरा सुरू करण्यापूर्वींच डोक्यांत होऊन जात असे. आज चित्रण फुकट झालें. म्हणून मुलगा विमान जमिनीवरून उचलतांना कॅमेरा सुरू करतो व तें परत टेकल्यावर बंद करतो. जें काम पूर्वीं आधीं होत असे तें आतां मागाहून करावें लागतें, इतकाच काय तो फरक. काम कांहीं वांचलेलें नाहीं.

आतां आमची हकीकत. यंदाच्या स्नेहसंमेलनांत दाखविण्यासाठीं 'आमचा तालुका' या विषयावर सहा मिनिटांचा पट तयार करावा, असें नववीच्या मुलामुलींनीं मनांत आणिलें. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा चित्रणाचा धंदा आहे. त्यानें विमान उडविण्याचें कबूल केलें. गेल्या नोव्हेंबरांत, तुळशीचीं लग्नें झाल्यावर, चार उड्डाणें झालीं आणि जानेवारींत तीन. वेदगंगेचें पात्र, तिच्यावरील कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा, गारगोटीची बाजारपेठ, उंसाचे फड, एक गुऱ्हाळ, पाटगांवच्या बाजूचा डोंगर आणि दुरून दिसणारा भुदरगड, इतके विषय त्यांत आले. (परवानग्यांविषयीं एकच सांगतों. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे पट्टे केलेले आहेत. हिरव्या पट्ट्यांतहि ४०० फुटांपर्यंतच उडतां येतें. शेजारच्या राधानगरी अभयारण्यासारख्या जागीं वनखात्याच्या परवानगीवांचून विमान सोडूं नये. कोणी विचारीत नाहीं म्हणून उडविणें हें आम्हांस पसंत नाहीं.)

नोव्हेंबरांतील शेवटचें उड्डाण संपलें त्या सायंकाळीं आमचा माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, उद्यां मुदाळ तिट्ट्याला लगीन हाय. कार्ड आजच मोकळं करून पायजे." शाळेच्या संगणकांत जागा थोडी. मुलांनीं सुचविलें कीं, किल्ल्याच्या व नदीच्या तेवढ्या फाइली उतरून घ्याव्यात, विमान वर चढतांनाच्या फाइलींत नुसतें गवत नि माती आहे, त्या सोडून द्याव्यात. आम्हीं त्यास नकार दिला. संगणकांतील दुसरें सामान हलवून जागा केली व सगळेंच्या सगळें, सुमारें ५५ गिगाबाइट, उतरून घेतलें. त्यास पाऊण तास लागला आणि मुलें कंटाळलीं. ह्या हट्टाचें फळ पुढें सांगूं.

हे ५५ गिगाबाइट आले कोठून, हेंहि समजून घेणें बरें. ज्या विमानानें चित्रण झालें तें दर सेकंदास १०० मेगाबिट इतका मजकूर लिहितें. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून सेकंदास साडेबारा मेगाबाइट, मिनिटास ७५०, आणि वीस मिनिटांच्या उड्डाणास १५ गिगाबाइट. पुष्कळ विमानें एका फाइलींत चार गिगाबाइटहून अधिक लिहीत नाहींत. म्हणून पावणेसहा मिनिटें होत आलीं कीं जुनी फाइल बंद होऊन नवी आपोआप सुरू होते. मुलें या फाइलींनाच तुकडे समजतात. तो समज सोडावा. कागद संपला म्हणून वाक्य पुरें होत नसतें; तसेंच फाइल संपली म्हणून दृश्य संपत नाहीं. आमच्या सात उड्डाणांच्या अठ्ठावीस फाइली झाल्या, आणि त्यांतील किल्ल्याचें एक सुंदर दृश्य दोन फाइलींच्या सांध्यावर सांपडलें होतें.

पहिलें काम नांवें देण्याचें. कार्ड पुसून पुन्हां वापरलें कीं कांहीं कॅमेरे आंकडे पहिल्यापासून मोजूं लागतात. आमच्याकडे नोव्हेंबरांतील पहिली फाइल आणि जानेवारींतील पहिली फाइल यांचें नांव हुबेहूब एकच होतें. त्या एकाच फोल्डरांत टाकतांना संगणक विचारतो कीं, जुनी काढून नवी ठेवूं का. आणि घाईंत 'होय' म्हटलें कीं नोव्हेंबर गेला. यास्तव प्रत्येक दिवसाचा फोल्डर वेगळा करावा व त्यास वर्ष, महिना, दिवस, ठिकाण या क्रमानें नांव द्यावें. जसें '२०२५-११-१८ वेदगंगा'. वर्ष आधीं कां? तर संगणक नांवें डावीकडून लावीत जातो. वर्ष आधीं असलें कीं फोल्डर आपोआप कालानुक्रमानें लागतात. मूळ फाइलींची दुसरी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करून ती वेगळ्या कपाटांत ठेवावी. हें सर्व झाल्यावांचून कार्ड पुसूं नये, आणि कार्डावर असतांना कापाकापीस हात घालूं नये.

यानंतर पाहणें. येथें आम्ही थोडे रेंगाळणार आहों, कारण सर्व कामाचा गाभा हाच आहे.

मनुष्याच्या भाषणाचें चित्रण असलें तर तें शोधणें सोपें. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट उमटते, ती जेथें उठते तेथें बोलणें सुरू झालें हें न ऐकतांहि दिसतें. विमानाच्या चित्रणास बहुधा आवाज नसतो. आणि वरून पाहिलेली नदी दहाव्या मिनिटाला जशी दिसते तशीच बाराव्यालाहि दिसते. त्यामुळें घाईघाईनें पुढें सरकवीत पाहिलें तर कांहींच हातीं लागत नाहीं. सगळें सारखेंच वाटतें. म्हणून पहिल्या खेपेस सर्व चित्रण, एक सेकंदहि न गाळतां, साध्या गतीनें पाहावें, आणि जवळ वही ठेवावी. वहींतील नोंद अशी असावी: "फाइल ७, २ मिनिटें १० सेकंदांपासून २ मिनिटें २८ सेकंदांपर्यंत, वेदगंगा, बंधाऱ्याच्या वरच्या अंगास, पुढें जाणारें, सकाळचें ऊन, चांगलें." फाइल, सुरुवात, शेवट, काय दिसतें, कॅमेरा कसा हलतो, उजेड कसा आहे, आणि आपलें मत, एवढ्यांत तुकडा पुरा होतो. खरें पाहतां तुकडा त्या नोंदीनेंच जन्मास येतो. कात्री पुष्कळ पुढची गोष्ट.

विमानाच्या चित्रणांत कामाचा भाग ओळखण्याची एक खूण आहे. उडविणारा आधीं विमान जागेवर आणतो, तोंड फिरवितो, थोडा मागें सरतो, कॅमेरा खालींवर करून पाहतो, ही जुळवाजुळव. मग तो एका गतीनें, एका दिशेनें निघतो, आणि दहा, पंधरा, फार तर वीस सेकंद तसाच जातो. नंतर पुन्हां अडखळतो, पुन्हां जुळवतो. ती मधली संथ, एकमार्गी चाल म्हणजे आपला तुकडा. बैलगाडी रस्त्याला लागण्यापूर्वीं अंगणांत मागेंपुढें होते, तें कोणी प्रवासांत धरीत नाहीं. मात्र तुकडा नेमका चाल सुरू होते तेथेंच कापूं नये. दोन्ही टोकांस दोन-तीन सेकंद जास्त ठेवावे. शिंपी शिवणींत कापड सोडतो तें याच कारणासाठीं. पुढें जोडतांना एक दृश्य दुसऱ्यांत विरघळवावयाचें झालें तर तेवढी जागा लागते.

चालींचेहि प्रकार आहेत, आणि त्यांस घरगुती नांवें दिलीं म्हणजे मुलांस आठवणीनें लिहितां येतात. आमच्या वहींत पुढें जाणारें, मागें सरणारें, वर चढणारें, आडवें सरकणारें, प्रदक्षिणा आणि सरळ खालीं पाहणारें, अशीं सहा नांवें होतीं. पाटगांवच्या डोंगरावरील देवराईचें चित्रण मुलांना फार आवडलें होतें. वही लिहिल्यावर कळलें कीं आमच्याकडे तिच्या पांच प्रदक्षिणा आहेत व त्या पांचांतही झाडें डावीकडून उजवीकडे फिरतात. पांच प्रदक्षिणा एकामागून एक दाखविल्या तर पाहणाऱ्यास भोंवळ यावयाची. त्यांतील एक ठेवली. हें केवळ पडद्यावर पाहून लक्षांत आलें नसतें. कागदावर 'प्रदक्षिणा' हा शब्द एकाखालीं एक पांचदां लिहिलेला दिसला तेव्हां तें सर्वांच्या ध्यानीं आलें.

दोष कोणते पाहावेत? कॅमेरा आभाळाकडे वळला कीं जमीन एकाएकीं काळवंडते, तो धक्का. वाऱ्यानें होणारें थरथरणें. चौकटीच्या कोपऱ्यांत दिसणारीं पंख्यांचीं पातीं. उन्हांत जमिनीवर पडलेली विमानाची सांवली. सांवलीविषयीं मुलांत वाद झाला. एका मुलीचें म्हणणें असें कीं, उंसाच्या फडावरून धांवणारी ती लहानशी सांवलीच त्या दृश्याची गंमत आहे. तिचें म्हणणें आम्हांस पटलें व तो तुकडा राहिला. सारांश, दोष लिहून ठेवावा. टाकण्याची घाई करूं नये.

आतां त्या हट्टाचें फळ. नोव्हेंबरांतील दुसऱ्या दिवशीं विमान बंधाऱ्याजवळच्या एका शेतांतून उडालें. मनांत होता भुदरगड. विमान चढत असतांना कॅमेरा खालीं तोंड करून होता, आणि तो भाग कोणीं पाहिलाहि नव्हता. वही घेऊन पाहावयास बसलों तेव्हां त्या चढणाऱ्या चाळीस सेकंदांत बंधाऱ्यावर माणसें दिसलीं. तीं बरगे घालीत होतीं! आपल्या भागांतील पालकांस हें सांगावयास नको, पण शहरच्या वाचकांसाठीं लिहितों: कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यास पावसाळ्यांत मोकळीं दारें असतात, पुराचें पाणी निघून गेलें कीं खांबांच्या खांचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या बसवून पाणी अडवितात, आणि पावसाळा तोंडावर आला कीं ते काढून घेतात. तें काम वर्षांतून एकदां होतें. सरळ वरून घेतलेल्या त्या दृश्यांत एकामागून एक दार बंद होतांना दिसतें. ज्या दारांत बरगे बसले तेथील फेंस थांबलेला, आणि पुढच्यांतून पाणी अद्याप धांवत आहे. त्यांतील चौदा सेकंद स्थिर निघाले. ठरवून काढावयास गेलों असतों तरी याहून नीट दृश्य मिळालें असतें असें वाटत नाहीं. हीच ती फाइल, जी 'नुसतें गवत नि माती' म्हणून मुदाळ तिट्ट्याच्या लग्नाआधीं पुसली जावयाची होती.

नोंदी झाल्यावर संगणकावरील काम फार नाहीं. डाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट असे संकलनाचे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. वहींतील वेळेप्रमाणें आरंभाची व शेवटाची निशाणी करावी, आणि त्या तुकड्यास नांव द्यावें. असे प्रोग्राम मूळ फाइल कापीत नाहींत. ते केवळ 'येथून तेथवर' एवढें लक्षांत ठेवतात. मूळ चित्रण अखंड राहतें, व उद्यां दोन सेकंद अधिक हवेसे वाटले तर तेहि मिळतात. शाळेंतील संगणक जुने आहेत व मोठीं चित्रें चालवितांना अडखळतात. त्यासाठीं प्रोग्रामकडून प्रत्येक फाइलीची एक हलकी प्रत करवून घेतली, तिच्यावर सर्व काम केलें, आणि शेवटीं पट बाहेर काढतांना मूळ चित्रण वापरलें.

कधीं कधीं खरोखरच कापून वेगळी फाइल करावी लागते. एखादा तुकडा दुसऱ्या गांवच्या मित्रास पाठवावयाचा असतो. तेव्हां मुलांस एक नवल दिसतें: आपण दहाव्या सेकंदास कापलें, आणि तुकडा मात्र अर्धा सेकंद आधींपासून सुरू झाला. यंत्र बिघडलें असें नव्हे. चित्रणांत प्रत्येक चित्र पुरें लिहिलेलें नसतें. एक चित्र संपूर्ण लिहितात, आणि त्यानंतरच्या चित्रांत केवळ काय बदललें तेवढें लिहितात. कांहीं वेळानें पुन्हां एक संपूर्ण चित्र. शेतकऱ्यांच्या मुलांस आम्हीं हें सात-बारा व फेरफार यांच्या दृष्टान्तानें सांगितलें. संपूर्ण चित्र म्हणजे सात-बाराचा उतारा, मधलीं चित्रें म्हणजे फेरफाराच्या नोंदी. नुसता फेरफार हातांत असला तर जमीन मुळांत किती होती हें कळत नाहीं. म्हणून चित्रण नव्यानें न लिहितां नुसतें कापणारें यंत्र मागें जाऊन जवळचा सात-बारा गांठतें व तेथून कापतें. दृष्टान्त वर्गांत सर्वांस एकदम समजला. तलाठ्याच्या चावडीचा अनुभव घरोघरीं आहे.

सहा बैठकांत, प्रत्येकीं तासाभराच्या, दोन तास दहा मिनिटांतून ४१ तुकडे निघाले. त्या सर्वांची लांबी साडेदहा मिनिटें. त्यांतील २४ पटांत गेले. बाकीचा पट जमिनीवरून घेतलेल्या दृश्यांनीं भरला. पालकांपैकीं एका गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें कीं, सहा मिनिटांसाठीं सहा तास पडद्यापुढें बसून मुलांनीं काय मिळविलें? प्रश्न योग्य होता. आमच्या मतें या सहा तासांत मुलें पडद्यापुढें बसलीं होतीं खरीं, पण हातांत वही होती व तोंडानें वाद चालला होता. आणि आपली नदी कोणत्या गांवापाशीं वळते, कोणत्या शिवारांत ऊंस व कोणत्यांत भात, हें त्यांनीं पहिल्यांदाच नीट पाहिलें. शिवाय हा धंदा आहे. लग्नसराईंत विमान उडविणारे पुष्कळ निघाले. उडविल्यानंतर आठ दिवसांत नीट निवडलेलें चित्रण हातांत देणारे थोडे.

दोन गोष्टींविषयीं मात्र आम्हीं मुलांशीं थोडें कडक बोललों.

पहिली महिन्यांची. नोव्हेंबरांत डोंगर अजून हिरवे होते. जानेवारींत गवत वाळून पिंवळें झालेलें. मुलांनीं जानेवारींतील किल्ल्यापुढें नोव्हेंबरांतील हिरवी दरी जोडली व जणूं एकाच सकाळीं आपण सर्व पाहत आहों असा देखावा केला. देखावा सुंदर होता. परंतु पटाचें नांव 'आमचा तालुका' होतें, कल्पित गोष्ट नव्हे. म्हणून दोन्ही ठिकाणीं महिन्याचें नांव पडद्यावर लिहविलें. ही बारीकसारीक कटकट वाटेल. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या पुरानें कोल्हापूर बुडालें तेव्हांचीं विमानांतून घेतलेलीं दृश्यें सर्वांनीं मोबाइलवर पाहिलीं आहेत. तसलीं जुनीं दृश्यें पुढच्या एखाद्या पावसाळ्यांत 'आत्तांचीं' म्हणून फिरूं लागलीं तर नदीकाठचीं माणसें घाबरून जातात. ज्या तुकड्याच्या नांवांतच दिवस व ठिकाण आहे त्याच्याविषयीं निदान विचारणाऱ्यास उत्तर देतां येतें. कित्येक विमानें चित्रणासोबत मजकुराची एक लहान फाइल लिहितात. तींत क्षणोक्षणींची वेळ, अक्षांश-रेखांश व उंची असते. मुलें ती निरुपयोगी समजून काढून टाकतात. ती चित्रणाशेजारींच ठेवावी. वहींतील ठिकाणाबद्दल शंका आली तर साक्ष तिचीच.

दुसरी गोष्ट माणसांची. विमान भिंतीवरून पाहतें. नदीच्या घाटावर धुणें धूत असलेल्या बाया, परसांतील न्हाणी, गच्चीवर वाळत घातलेलें धान्य व त्याशेजारीं निजलेली म्हातारी, हें सर्व आमच्या चित्रणांत आलें होतें. त्यांतील एकासही ठाऊक नव्हतें. अशा भागांपुढें वहींत 'दाखवूं नये' असा शेरा मारला, आणि त्यांवर निशाणीच केली नाहीं. घाटाचें एक दृश्य फार देखणें होतें. एका मुलानें तें ठेवण्याचा आग्रह धरिला. तेव्हां त्याच्या शेजारीं बसलेली मुलगी म्हणाली कीं, तिसऱ्या पायरीवर माझी आजी आहे. वाद तेथेंच मिटला.

न वापरलेल्या सतरा तुकड्यांचें व उरलेल्या चित्रणाचें काय करावें, हा प्रश्न शेवटीं राहतो. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट, ज्याची कीर्ति जुनीं माणसें सांगत असत, तो आज पाहावयास मिळत नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें. तोंवर त्या पिढीचे बहुतेक मूकपट जळून, सडून किंवा निष्काळजीपणानें नाहींसे झाले होते. ती फिल्म लवकर पेट घेणारी होती, जपणें कठीण होतें. आमचें चित्रण तसें पेट घेत नाहीं, पण हार्ड डिस्क बिघडते व बोट चुकीच्या कळीवर पडतें. सुमारें ९८ गिगाबाइटचें हें सर्व सामान दोन डिस्कांवर ठेविलें आहे. एक डिस्क शाळेंत व दुसरी मुख्याध्यापकांच्या घरीं. दर वर्षीं जूनमध्यें दोन्ही उघडून चालतात कीं नाहीं हें नववीच्या वर्गानें पाहावयाचें, असें ठरलें आहे.

नोंदींची वही वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटांत आहे. ज्या पालकांस आपल्या शेताचें अथवा वाडीचें दृश्य पाहावयाचें असेल त्यांनीं ती मागून घ्यावी. शेवटच्या पानांवर गांवांच्या नांवांप्रमाणें तुकड्यांची सूची मुलींनीं केली आहे. जूनमध्यें बरगे काढतात, तें दृश्य अद्याप आमच्याकडे नाहीं. त्याच्यासाठीं पान कोरें सोडलें आहे.